नाव बदलायचंय? राजपत्र, आधार, सात-बारा आणि घरची मंडळी

नाव बदलायला परवानगी कोणाची घ्यायची, असं लोक सगळ्यात आधी विचारतात. कोणाचीच नाही. महाराष्ट्रात अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही की कलेक्टरची सही आणावी लागत नाही. नाव तुम्ही घेता, शपथेवर लिहून देता आणि चारचौघांत जाहीर करता. आपलं नाव काय असावं हे ठरवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरच्या नावांसंबंधीच्या निकालात म्हटलं आहे.

मग लोक महिनोन् महिने चकरा का मारतात? कारण नाव बदलणं सोपं असलं, तरी ते प्रत्येक कागदावर त्याच अक्षरांत उतरवणं हे खरं काम आहे. एका कागदावर मधलं नाव पूर्ण, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनावात एक ‘ए’ जास्त, की बसा प्रतिज्ञापत्रं करत. त्यामुळे या लेखात अर्ज कसा भरायचा यापेक्षा कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, यावर मी जास्त बोलणार आहे.

अर्जाला हात लावण्याआधी

एका कोऱ्या कागदावर नवं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत पूर्ण लिहा. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. तिन्हींचा निर्णय वेगवेगळा घ्यावा लागतो. आडनाव सोडणाऱ्याने मधल्या नावाचं काय करायचं? आईचं नाव लावायचं असेल तर वडिलांच्या जागी, की दोघांचीही? (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत राज्य सरकारने बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रमच ठरवून दिला आहे. त्याआधी जन्मलेल्यांना ते आपोआप लागू होत नाही.)

रोमन स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्या. गायकवाड, चव्हाण, वाघमारे ही आडनावं एकाच घरातल्या दोन भावांच्या कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. नावाच्या शेपटीला चिकटलेले राव, बाई, जी हेही याच वेळी ठरवून टाका. ते ठेवायचे असतील तर सगळीकडे, काढायचे असतील तर सगळीकडून.

जातीची खूण नको म्हणून आडनाव काढून टाकणारे बरेच जण असतात, आणि त्यांच्यासाठी एक व्यवहारी सूचना. पासपोर्टवर नावाचे दोन रकाने असतात, नाव आणि आडनाव, आणि मधलं नाव पहिल्या रकान्यातच जातं. आडनावाचा रकाना कोरा राहिला तर परदेशी अडचण येते. अमेरिकेच्या व्हिसावर एकेरी नावापुढे ‘एफएनयू’ ही अक्षरं येतात, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने प्रवेश नाकारायला सुरुवात केली. पुढे पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, असा खुलासा झाला. तेव्हा आडनाव सोडलंत तरी त्या रकान्यात काहीतरी असू द्या. आई किंवा वडिलांचं नाव, गावावरून ‘कर’, तुम्हाला जे पटेल ते.

प्रत्येकाला राजपत्र लागत नाही

झेरॉक्सच्या दुकानावर ‘गॅझेट करून मिळेल’ (गॅझेट म्हणजेच राजपत्र, सरकारी सूचना छापणारं शासनाचं पत्र) अशी पाटी दिसते आणि आपल्याला ते हवंच असं वाटू लागतं. आधी आपला मामला कोणता ते बघा.

लग्नानंतर नवऱ्याचं नाव किंवा आडनाव लावणाऱ्या बाईला बहुतेक ठिकाणी विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरतं. लावलंच पाहिजे असा मात्र कुठलाही कायदा नाही. कोणी क्लार्क ‘मॅडम, लग्न झालंय ना, मग नाव बदलावंच लागेल’ म्हणाला, तर तो नियम लेखी दाखवा म्हणून सांगा. माहेरचं नाव तसंच ठेवून फक्त पतीचं नाव नोंदवता येतं. आपल्याकडची एक खास भानगड मात्र लक्षात घ्या. काही घरांत ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात आणि मुलीचं पहिलं नावही बदलतं. नोंदणी प्रमाणपत्रावर ते नवं पहिलं नाव नसेल तर ते फक्त आडनावाच्या बदलाला उपयोगी पडतं, आणि पहिल्या नावासाठी राजपत्राची वाट धरावी लागते. घटस्फोटानंतर माहेरचं नाव परत घ्यायचं असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हा मुख्य कागद.

एखाद्या कागदावर टंकनाची चूक असेल तर ती त्याच खात्यात दुरुस्त करून घ्या, त्यासाठी राजपत्र करू नका. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याने वेगळी वाट आहे. त्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ओळख प्रमाणपत्राच्या आधारे जन्मदाखल्यासह इतर कागदांवरचं पहिलं नाव बदलून मागता येतं. बाकी सगळे, म्हणजे पूर्ण नाव बदलणारे, आडनाव सोडणारे किंवा नवं घेणारे, आईचं नाव लावणारे, राजपत्राच्या रांगेत.

प्रतिज्ञापत्र

तहसील कार्यालयात कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे किंवा नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र करता येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने किमान मुद्रांक शंभरावरून पाचशे रुपयांवर नेला, त्यामुळे जुन्या माहितीवर शंभराचा स्टॅम्प शोधत फिरू नका. काही सरकारी कामांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक माफ आहे. म्हणून ज्या कार्यालयात कागद द्यायचा तिथे विचारून मगच पैसे खर्च करा. मजकूर छोटा ठेवा:

‘मी, खाली सही करणार (जुने पूर्ण नाव), वय …, राहणार …, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो/देते की, माझे नाव आजवर (जुने पूर्ण नाव) असे होते. दिनांक … पासून मी (नवे पूर्ण नाव) हे नाव धारण केले आहे. वरील दोन्ही नावे माझीच, एकाच व्यक्तीची आहेत. हा बदल मी स्वेच्छेने केला असून कोणतीही कायदेशीर किंवा आर्थिक जबाबदारी टाळण्याचा माझा हेतू नाही.’

यातलं ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ हे वाक्य पुढे दहा ठिकाणी कामाला येतं. नावं दोन्ही लिप्यांत घाला. मूळ प्रती दोन करून घ्या, कारण एखादं खातं मूळ प्रत ठेवून घेतं आणि मग परत देत नाही.

वर्तमानपत्र

छोट्या जाहिरातींच्या पानावर दोन-तीन ओळी: ‘मी (जुने नाव), माझे नाव बदलून (नवे नाव) असे केले आहे. पत्ता …’ एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात, आणि दैनिक तुमच्या राहत्या पत्त्याच्या भागात खपणारं हवं. पासपोर्टच्या कामात दोन दैनिकांतल्या जाहिराती मागितल्या जाऊ शकतात. राजपत्राचा उतारा असेल तर बऱ्याच खात्यांत हा प्रश्न निघत नाही. तरी खर्च फार नसतो, देऊन ठेवा. कात्रण कापू नका. दैनिकाचं नाव आणि तारीख दिसेल असं अख्खं पान जपून ठेवा.

राजपत्र

महाराष्ट्र शासन राजपत्राचा भाग दोन दर आठवड्याला निघतो आणि नावबदलाच्या सूचना त्यात येतात. हे काम मुंबईत चर्नी रोडला असलेल्या शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाचं. अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो, चर्नी रोडला जावं लागत नाही. जुनं नाव, नवं नाव, बदलाचं कारण, जुन्या नावाचा पुरावा, फोटो, सही आणि शुल्क. मागासवर्गीयांना शुल्कात सवलत आहे, त्यासाठी जातीचा दाखला जोडावा लागतो. एजंट याच कामाचे हजारो रुपये घेतात. अर्ज मराठीत आहे, शांतपणे बसलात तर अर्ध्या तासात भरून होतो.

‘सबमिट’ दाबण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी समोर बसवून नाव अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायला लावा. आपल्याला आपल्या नावातली चूक दिसत नाही, आणि छापून आल्यावर दुरुस्ती म्हणजे नव्याने खटाटोप.

छापून आलं की ई-राजपत्राच्या संकेतस्थळावरून तो अंक उतरवून घ्या, आणि एकदा नीट बघा. ओळीने नावांची यादी, जुन्या नावासमोर नवं नाव आणि तुमचा नोंदणी क्रमांक. शिवाय एक टीपही असते: या सूचनांतल्या मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, त्या संबंधितांच्या अर्जावरून, कागदपत्रांची पडताळणी न करता छापल्या आहेत. बऱ्याच जणांना ही टीप वाचून धक्का बसतो. पण राजपत्राचं काम तेवढंच आहे: तुम्ही केलेली घोषणा सरकारी कागदावर तारखेनिशी नोंदवणं. म्हणून प्रतिज्ञापत्र आणि जुन्या नावाचा पुरावा कायम सोबत लागतो. अंकाचं पहिलं पान आणि तुमचं नाव असलेलं पान, दोन्हींच्या रंगीत प्रती काढा.

हे राजपत्र कोणालाही बघता येतं, आणि दोन्ही नावं शेजारी शेजारी असतात. छळाच्या लग्नातून बाहेर पडून नव्या नावाने राहू पाहणाऱ्या बाईने हे पाऊल टाकण्याआधी वकिलाशी बोलावं.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची रीत वेगळी. त्यांनी कार्यालयामार्फत ठरलेल्या नमुन्यात दस्त करायचा आणि दिल्लीच्या प्रकाशन विभागाकडून निघणाऱ्या भारताच्या राजपत्रात सूचना द्यायची. राज्य कर्मचाऱ्यांनी राजपत्रानंतर सेवापुस्तकात नोंद झाली की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. ती राहिली की निवृत्तीवेतनाच्या वेळी कटकट उभी राहते. आणि जन्माची नोंद गोव्यात असेल तर हा लेख इथेच थांबवा: तिथे नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, आणि महाराष्ट्रातलं प्रतिज्ञापत्र-राजपत्र तिथे त्याची जागा घेत नाही.

आता कागद, आणि त्यांची रांग

आधी आधार. बँक, पॅन, पीएफ, सिमकार्ड, सगळे आज आधारकडे बघून नाव पडताळतात. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यापुढे प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून दाद मागावी लागते. लग्नाच्या वेळी एकदा बदललं असेल तर तुमच्या हातात एकच संधी उरली आहे, ती स्पेलिंगच्या प्रयोगात घालवू नका. पूर्ण नावाच्या बदलासाठी राजपत्र आणि जुन्या नावाचं ओळखपत्र घेऊन आधार केंद्रावर जा. ऑपरेटर नाव टाइप करतो तेव्हा पडदा आपल्याकडे वळवायला सांगा. पावतीवर मराठी नावही तपासा, कारण तिथे इंग्रजीवरून आपोआप उमटलेलं देवनागरी नाव पुष्कळदा भलतंच असतं.

मग पॅन. प्रोटिन किंवा यूटीआयआयटीएसएल या पॅनचं काम बघणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर पॅनमधल्या बदलाचा अर्ज भरायचा. क्रमांक तोच राहतो. आधार आणि पॅनवरचं नाव जुळलं की निम्मी लढाई संपली. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायच्या हंगामात मात्र हे काम काढू नका. परतावा ज्या खात्यात यायचा, त्या खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव वेगळं असलं की खात्याची पडताळणी अडते.

तिसरी बँक. शाखेत जाऊन अर्ज, राजपत्र, नवं आधार आणि पॅन द्या, आणि सही बदलणार असाल तर नमुना सही त्याच दिवशी. मुदत ठेवी, लॉकर, नामनिर्देशन हे नाव बदललं की आपोआप बदलतंच असं नाही, एकेक विचारून घ्या. एखादं देणं जुन्या नावाच्या धनादेशाने यायचं बाकी असेल तर शाखेला आधी सांगून ठेवा.

त्यानंतर पासपोर्ट, आणि इथे घाई नको. नाव बदलायचं म्हणजे पासपोर्ट पुन्हा काढायचा, पोलिस पडताळणीही पुन्हा होऊ शकते. विमानाचं तिकीट काढलेलं असेल, व्हिसाचा अर्ज आत असेल किंवा चालू व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल, तर तो प्रवास आटपून मगच हात घाला. तिकिटावरचं आणि पासपोर्टवरचं नाव एक नसेल तर विमानतळावर तुमचं राजपत्र कोणी वाचत बसत नाही.

मतदार ओळखपत्राला नमुना ८. वाहन परवान्याला सारथी पोर्टलवरची नावबदलाची सेवा. रेशनकार्ड, विमा, म्युच्युअल फंड, गॅस, वीजबिल ही निवांत करायची कामं. पीएफला मात्र वेळेत हात घाला. नाव मोठ्या प्रमाणात बदललं असेल तर जॉइंट डिक्लेरेशन लागू शकतं, म्हणजे तुमच्यासोबत मालकाचीही संमती. नोकरी चालू असताना एचआर ते दोन दिवसांत करून देतं. कंपनी सोडल्यावर, किंवा कंपनीच बंद पडल्यावर, त्याच सहीसाठी पीएफ कार्यालयाची पायरी झिजवावी लागते.

काय बदलायला जाऊ नये

दहावी-बारावीची प्रमाणपत्रं आहेत तशी राहू द्या. शाळा सोडल्यानंतर शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद बदलणं माध्यमिक शाळा संहितेने मुद्दामच अवघड ठेवलंय, आणि उघड लेखनचूक असेल तरच त्या वाटेला जाण्यात अर्थ आहे. ‘त्या वेळी माझं नाव हे होतं’ एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं. नोकरीच्या अर्जात नवं नाव लिहा, ‘पूर्वीचे नाव’ या रकान्यात जुनं, आणि राजपत्र जोडा. जन्मदाखल्याचंही तसंच.

जात प्रमाणपत्र आणि जात वैधता यांबाबत जास्त सावध राहा. आडनाव बदलल्याने जात बदलत नाही आणि आरक्षणाचा हक्कही जात नाही. पण पडताळणी समिती वडील-आजोबांचे, काका-आत्यांचे जुने दाखले तुमच्या नावाशी ताडून बघते, आणि साखळीत नवं आडनाव शिरलं की प्रत्येक कडीचा खुलासा मागते. वैधता प्रमाणपत्र मिळायचं असेल तर ते आधी जुन्या नावाने हातात घ्या, मग नावाकडे वळा. यूपीएससी-एमपीएससीचा अर्ज भरून झाला असेल तर ती भरती पुरी होईपर्यंत थांबा.

जमीन आणि घर. फ्लॅटचा करारनामा नव्याने नोंदवावा लागत नाही. सोसायटीला पत्र देऊन भाग प्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नोंद करून घ्या, पुढे विक्री करताना दस्तात ‘पूर्वाश्रमीचे नाव’ म्हणून जुनं नाव घाला. सात-बाऱ्यावर नाव बदलायचं तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या तलाठ्याकडे, अर्ज करायचा. फेरफार नोंद धरली जाते, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. भाऊबंदकी असेल तर ही नोटीस निघण्याआधी भावांना स्वतः फोन करा. ‘नाव बदलतोय’ चं ‘हिस्सा बदलतोय’ व्हायला चावडीवरची एक संध्याकाळ पुरते.

अजून एक गोष्ट आपल्याकडेच निघते: तुमचं पहिलं नाव तुमच्या मुलांचं मधलं नाव असतं, आणि बायकोचंही. वडिलांनी स्वतःचं पहिलं नाव बदललं की घरातल्या सगळ्यांच्या कागदांना धक्का बसतो. मुलं शाळेत असतील तर त्यांच्या नोंदींचं शाळेत आत्ताच विचारा. मोठी असतील तर त्यांना त्यांचं ठरवू द्या, मात्र तुमच्या राजपत्राची प्रत त्यांच्या फायलीत असू द्या.

सांगायचं कसं

हे राजपत्राच्या आधी करावं की नंतर? माझं मत, ज्यांना दुसऱ्याकडून कळलं तर लागेल त्यांना आधी, बाकीच्यांना छापून आल्यावर. आडनाव सोडताय तर पहिला मान वडिलांचा, आणि तो समोर बसून. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. ‘आमच्या नावात काय वाईट होतं?’ हा प्रश्न येणार हे धरून चाला. त्यावर भाषण देण्यात हशील नसतं. ‘तुमच्यावर राग नाही, हे माझं ठरलंय’ एवढंच पुरेसं आहे, तेही दोनदा सांगावं लागेल. सासर-माहेरचा मामला असेल तर सासूबाईंना नवऱ्याने सांगावं, सुनेच्या गळ्यात ते काम टाकू नये.

नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच निरोप, कारण न देता: ‘सगळ्यांना नमस्कार. आजपासून माझं अधिकृत नाव (नवं पूर्ण नाव) असं आहे. फोन नंबर तोच. पत्रिका, पाकीट, पैसे पाठवताना हेच नाव वापरा.’ कारण लिहिलंत की कारणावर चर्चा सुरू होते. पैशांचा उल्लेख मुद्दाम आहे, तो सगळे वाचतात.

कार्यालयात आधी एचआर आणि हिशेब विभाग, मग वरिष्ठ, मग सगळ्यांना एक ईमेल. पगारपत्रकावरचं नाव आणि बँकेतलं नाव एकाच महिन्यात बदलेल अशी तारीख दोघांकडून ठरवून घ्या. ईमेलच्या सहीत काही महिने ‘पूर्वीचे …’ ठेवलं की जुने ग्राहक चुकत नाहीत. ज्यांना जुनं नाव कोणालाच सांगायचं नाही, विशेषतः तृतीयपंथी व्यक्तींनी, ही ओळ ठेवू नये. त्यांना ती देणं लागत नाही, आणि सहकाऱ्यांनीही विचारू नये.

घरी कोण काय हाक मारतं, यावर ताकद किती घालवायची हे कारणावर अवलंबून आहे. स्पेलिंग किंवा आडनाव बदललं असेल तर आत्या जुन्याच नावाने हाक मारील, मारू दे. पण जुनं नाव कानावर पडणंच नको असेल, तर पहिल्या दिवसापासून शांतपणे, प्रत्येक वेळी दुरुस्त करा: ‘आत्या, आता … म्हणायचं.’ काही जण महिन्यात वळतात, काही मुद्दाम वळत नाहीत. मुद्दाम करणाऱ्याला ओ देऊ नका. आणि घरात कुणाचं लग्न ठरलं असेल, तर पत्रिकेचा मजकूर छापखान्यात जाण्याआधी एकदा स्वतः वाचून या. निमंत्रकांच्या यादीत तुमचं जुनं नाव हजारभर प्रतींत छापून गावभर जातं, आणि त्यावर प्रतिज्ञापत्र चालत नाही.